चनमल्लप्पांचा समुद्राचा सराव

नेत्रावतीअक्कांनी तो पक्षी टीव्हीवर बघितला तेव्हा चनमल्लप्पा ताटावर होते आणि त्यांचा मुलगा बसवेश आतल्या खोलीतून, "अव्वा, चहा," म्हणत होता.

पक्षी निकोबारच्या बेटांवरचा. कोंबडीएवढा, मातकट रंगाचा. त्यांच्या गावच्या, चिटगुप्प्याच्या बाजारात पिंजऱ्यात ठेवला असता तर कुणी वळूनही बघितलं नसतं. पण त्याची रीत निराळी होती. माती आणि पालापाचोळा पायांनी ओढून तो चांगला कमरेएवढा ढीग रचतो, त्यात अंडं पुरतो आणि निघून जातो. उबवणं नाही, भरवणं नाही. ढिगाच्या उबेनं पिल्लू आतल्या आत तयार होतं, माती उकरून आपलं आपण वर येतं आणि लगेच पोट भरायला रानात शिरतं.

अक्का हातात भाकरी घेऊन टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. भाकरी गार झाली.

"त्याची आई कुठं गेली ते दाखवंनात," त्या म्हणाल्या.

"अव्वा, चहा करायलीस का न्हाई?" आतून आवाज आला. बसवेशचं इंजिनियरिंग होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तो तयारी करत होता. कसली, हे घरात कुणी विचारत नसे, कारण विचारलं की त्याची तयारी मोडायची.

"अहो," अक्का म्हणाल्या, "मला हा पक्षी डोळ्यांनी बघायचाय."

इथं चनमल्लप्पांची चूक झाली. ते म्हणाले, "बघू की."

चनमल्लप्पांचं पेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान. तिथं दिवसभर गिऱ्हाइकांना ते "बघू की" म्हणत आणि त्याचा अर्थ "नाही" असा होतो हे तालुक्याला माहीत होतं. अक्कांनाही माहीत होतं. पण नेमके त्याच वेळी शेजारचे व्यंकटमास्तर पेपर न्यायला दारात आलेले. मास्तर मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या संसारात त्यांना भरपूर वेळ देता येत होता.

"अंदमानला जायलाव म्हणा की," मास्तर म्हणाले.

"त्याच्याबी पुढं," अक्का म्हणाल्या.

दिवेलागणीपर्यंत गल्लीत बातमी पोचली. चनमल्लप्पा दुकानातून परतताना तीन ओट्यांवर थांबवले गेले. पहिल्या ओट्यावर त्यांना सांगण्यात आलं की बेटावर गेल्यावर तिथलं पाणी पिऊ नये, सोबत न्यावं. दुसऱ्या ओट्यावर येताना नारळ आणायला सांगितले, तिकडचे मोठे असतात. तिसऱ्या ओट्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी चौकशी केली, "डाक्टरनं काय सांगितलंय, किती दिवस हायेत?" त्यांच्या मते इतक्या लांब पक्षी बघायला माणूस धडधाकट असताना जात नाही. आता "जात नाही" असं म्हणायचं तर या तिन्ही ओट्यांवर पुन्हा जाऊन म्हणावं लागलं असतं. चनमल्लप्पा अब्रूदार माणूस. त्यापेक्षा त्यांना समुद्र बरा वाटला.

कलबुर्गीत प्रवासाची तिकिटं काढून देणारा हरिओम म्हणून एक जण होता. त्यानं फोनवर सांगितलं, की अंदमानचं जमेल, पण पुढच्या त्या बेटांसाठी वेगळा परवाना लागतो, त्याला पोलिसांचा दाखला लागेल, प्रयत्न करतो. मग एक दिवस हवालदार चौकशीला घरी आला. भला माणूस होता. त्यानं चहा घेतला, खिशातून पेन काढलं.

"तिथं तुमचं कोण हाय?"

"कोणी न्हाई," चनमल्लप्पा म्हणाले.

"मंग कुणाला भेटायला चाललाव?"

चनमल्लप्पांनी बायकोकडे बघितलं. तीस-बत्तीस वर्षं इभ्रतीनं दुकान चालवलेल्या माणसाला हवालदारासमोर 'पक्ष्याला' म्हणणं जड जातं. अक्कांना गेलं नाही.

"पक्ष्याला," त्या म्हणाल्या. "त्यानं घर कसं बांधलंय ते बघायचंय."

हवालदारानं दोन शब्द लिहून खोडले. शेवटी त्यानं लिहिलं, 'घर बघण्यासाठी.' मग शेजाऱ्यांचं मत घ्यायला तो मास्तरांकडे गेला. मास्तरांनी चनमल्लप्पांच्या वर्तणुकीवर सविस्तर भाषण दिलं आणि त्यात सचोटी, निर्व्यसनीपणा आणि देवधर्म एवढं झाल्यावर, भाषणाला काही उणीव राहू नये म्हणून सांगितलं, की लहानपणी पोहायला शिकवताना याला विहिरीत ढकललं होतं आणि वर काढायला गेलेल्या दोघांनाही हा बुडवत होता. शिवाय हुमनाबादला जायचं म्हटलं तरी याला जीपमध्ये पुढची सीट लागते, मागं बसला की ओकतो.

हवालदार जाताना चनमल्लप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, जपून जावा."

त्या रात्री गल्लीत चर्चा झाली ती एवढीच, की जीप ज्याला सोसत नाही त्याला जहाज कसं सोसेल. चनमल्लप्पांना आशा वाटली. प्रकृतीच्या कारणानं रद्द झालेली सहल ही अब्रूला धरून असते. पण मास्तर सकाळी दारात हजर.

"सराव करायचा," ते म्हणाले. "कारंजा धरण कामून बांधलंय?"

कारंजा धरण शेतीसाठी बांधलंय हे चनमल्लप्पांनी सांगून बघितलं. पण मास्तरांचा एक जुना विद्यार्थी, हणमंतप्पा, तिथं मासे धरायचा. टोपलीसारखी गोल नाव त्याच्याकडे होती. पाऊस यंदा चांगला झालेला, धरण काठोकाठ, आता थंडीत पाणी निवळलेलं. मास्तरांनी फोनवर सगळं ठरवूनही टाकलं होतं. बुडण्याची सोयही त्यांनी बघितली. म्हणजे न बुडण्याची. गॅरेजवरून इंजिन ऑइलचे चार रिकामे डबे आणले, गडद हिरवे, दोन-दोन लिटरचे, आणि नायलॉनच्या दोरीनं ते चनमल्लप्पांच्या कमरेभोवती बांधले. दोरीची गाठ मास्तरांनी स्वतः मारली. "ही गाठ समुद्रात सुटणार न्हाई," ते म्हणाले. गाठीबद्दल त्यांचं म्हणणं पुढे खरं ठरलं.

धरणाच्या काठावर चनमल्लप्पा पांढरं धोतर, वर सदरा, डोक्यावर टोपी आणि कमरेला चार हिरवे डबे अशा वेषात उभे राहिले. कपडे धुणाऱ्या दोन बायका धुणं थांबवून बघू लागल्या. चनमल्लप्पांनी चेहऱ्यावर असा भाव आणला की जणू सरकारी मोजणी चालू आहे.

नावेत अक्का आधी बसल्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन, एखाद्या कार्याला निघाल्यासारख्या. मग चनमल्लप्पांना दोघांनी धरून आत ठेवलं. हणमंतप्पानं वल्हं मारलं आणि नाव गोल फिरली. ती नाव तशीच चालते, गिरक्या घेत. पहिल्या गिरकीत चनमल्लप्पांना काठ दिसला, दुसऱ्यात धरणाची भिंत, तिसऱ्यात पुन्हा काठ आणि त्यावर हात हलवणारे मास्तर. मग सगळं एकदमच दिसू लागलं.

"मला उतरवा," ते म्हणाले.

"अण्णा, हे पाणी हाय," हणमंतप्पा म्हणाला.

"कुठंबी उतरवा."

पाण्याच्या मध्ये एक टेकाड वर राहिलेलं होतं. चार बाभळी, थोडं गवत. पाणी चढलं की त्याचं बेट व्हायचं. हणमंतप्पानं नाव तिकडे वळवली. चनमल्लप्पा हातापायांवर किनाऱ्याला लागले आणि जे व्हायचं होतं ते एका बाभळीखाली झालं. अक्काही गाठोडं घेऊन उतरल्या.

"मी जाळी बघून येतो," हणमंतप्पा म्हणाला आणि गिरक्या घेत गेला.

तो येईना. ऊन माथ्यावर आलं, कललं. चनमल्लप्पांनी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, नाव कुठं हाय?"

"इथंच हाय. आमी चहा पियायलो."

"मंग पाठवा की."

"आसं कसं," मास्तर समजुतीनं म्हणाले. "बेटावर जायचं म्हणजे बेटावर राहायची सवय नको का? मीच थांबवलंय हणमंतप्पाला. जरा करमतंय का बघा." आणि त्यांनी फोन ठेवला.

चनमल्लप्पा संतापून उठले, आणि उठताना त्यांना गवतात तो दिसला.

आधी त्यांना वाटलं गवताचा भारा आहे. मग भाऱ्यातून एक मान निघाली, काठीसारखी, वर चढत चढत गेली, आणि तिच्या टोकावरून दोन लालसर डोळे त्यांच्याकडे बघू लागले. पक्षी होता. बसलेला होता तरी त्याचं डोकं चनमल्लप्पांच्या छातीपर्यंत येत होतं. तो इमू होता. मागे या भागात इमू पाळायची लाट आली होती. अंडी, मांस, तेल, सगळ्याला भाव येणार असं सांगितलं गेलं, आणि सगळ्यांनी इमू पाळल्यावर ते घेणारं कुणी उरलं नाही. दुबलगुंडीच्या एका शेतकऱ्यानं मग आपले इमू रात्रीतून सोडून दिले होते. त्यातला हा एक. एवढ्या वर्षांत बाकीचे गेले, हा टेकाडावर राहिला. पण हे सगळं हणमंतप्पानं नंतर सांगितलं. त्या घटकेला चनमल्लप्पांना एवढंच समजलं की हुशारीनं मागं सरकावं. ते सरकले. सरकताना धोतर पायात आलं आणि ते बसले.

इमूनं मान लांब केली. चनमल्लप्पांकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्यांच्या कमरेच्या उजव्या अंगाच्या डब्याकडे होतं. चोचीनं त्यानं डबा हलकेच टोकरला. मग चोच डब्याच्या पलीकडून घालून, बायका पोळपाटाखाली सांडलेलं पीठ ओढतात तसा, डबा आपल्याकडे ओढला. डब्याबरोबर दोरी आली. दोरीबरोबर चनमल्लप्पा आले. इमूनं अंग थोडं उचललं, डबा पोटाखाली घेतला, पिसं सारखी केली आणि पुन्हा बसला.

"नेत्रा," चनमल्लप्पा अगदी हळू म्हणाले.

अक्का भाकरी सोडायला बसल्या होत्या. त्या आल्या, थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की चनमल्लप्पांनी तो लग्नातही बघितला नव्हता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ह्याला अंडं वाटलंय ते."

"गाठ सोड."

अक्कांनी गाठ बघितली, नखांनी ओढली, दातांनी ओढली. मास्तरांनी मारलेली होती. इमूनं घशातून गुरगुर केली, रिकाम्या हंड्यात कुणी बोलावं तशी. अक्कांनी हात काढून घेतला.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "तो घाबरंल."

"तो?"

"पोटाखाली अंडं असल्यावर कुणीबी घाबरतंय."

चनमल्लप्पांना या वाक्याचं फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको एका बाजूला झाली होती, आणि ती बाजू त्यांची नव्हती. इमूला टेकून बसणं भाग होतं, कारण दोरी तेवढीच होती. पक्ष्याचं अंग गरम लागत होतं. बाभळीखालच्या गार वाऱ्यात ती ऊब बरी वाटत होती, पण हे ते कुणाला सांगणार नव्हते. थोड्या वेळानं इमूनं मान वळवून त्यांच्या डाव्या अंगाचा डबाही पारखला. चनमल्लप्पांनी तो धोतराखाली झाकला.

अक्का समोर मांडी घालून बसल्या. पुंडीची भाजी, शेंगाची चटणी. एक तुकडा त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवला, एक पक्ष्यापुढे टाकला. नवऱ्यानं खाल्ला. पक्ष्यानं बघितलंही नाही.

"खाईना की हो," अक्का काळजीनं म्हणाल्या.

मग फोन वाजला. बसवेशचा होता. चनमल्लप्पांनी तो अक्कांकडे दिला.

"अव्वा, वरण कशात ठेवलीस?"

"कशात तरी असंल," अक्का म्हणाल्या. त्यांची नजर पक्ष्यावर होती.

"गरम कोण करून देणार?"

"तुला हात हायेत न्हवं." आणि त्यांनी फोन ठेवला. पलीकडे बसवेश बहुधा बराच वेळ फोन कानाला लावून उभा राहिला असावा, कारण असं उत्तर त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

लगेच पुन्हा वाजला. आता कलबुर्गीचा हरिओम होता.

"अक्का, पुढच्या बेटांचं काय जमंना. कागद परत आलेत. घर बघण्यासाठी असं लिवलंय, तर ते विचारायलेत तिथं घर घेणार हाव का. अंदमानपर्यंत करून देतो. हैदराबादहून विमान. आज सांगितलं तर दोन जागा हायेत. तुमचा पक्षी मात्र तिथं न्हाई."

अक्कांनी मान वर केली. समोर त्यांचा नवरा, कमरेला तीन डबे, चौथा इमूच्या पोटाखाली, टोपी तिरकी, चेहरा अंगारा लावल्यासारखा पांढरा. शेजारी इमू, डोळे अर्धे मिटून.

"करा," त्या म्हणाल्या. "दोन जागा. एक माझी, एक विजयाक्कांची."

विजयाक्का म्हणजे विजयश्रीबाई, व्यंकटमास्तरांच्या बायको.

"आन मी?" चनमल्लप्पांनी विचारलं.

"तुमाला समुद्र कुठं सोसतोय," अक्का म्हणाल्या. रागानं नव्हे, औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं वाचून दाखवावं तसं.

चनमल्लप्पांना इतके दिवस नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. आता म्हटल्यावर मात्र त्यांनी धोतराखाली झाकलेला डबा आणखी जवळ ओढला.

उन्हं उतरल्यावर नाव आली. तीत मास्तर उभे होते. त्यांनी पहिली गोष्ट केली ती फोटो काढण्याची. दुसरी गोष्ट म्हणून गाठ सोडायला गेले आणि त्यांच्याच्यानंही सुटेना.

"सागरी गाठ हाय," ते थोड्या अभिमानानं म्हणाले.

हणमंतप्पानं जाळ्याची सुरी काढून दोरी कापली. "डबा राहू द्या त्याच्याकडं," तो म्हणाला. "दरसाल थंडीत बसतोय. मागच्या साली माझ्या जाळ्याचे डबे घेऊन बसला. उठतच न्हाई, खात न्हाई."

"बिचारी," अक्का म्हणाल्या.

"बिचारी न्हवं, नर हाय तो. ह्यांच्यात मादी अंडी घालून निघून जाती. बसायचं काम ह्याचं."

परतीच्या वाटेवर नाव तशीच गिरक्या घेत होती, पण चनमल्लप्पांना मळमळलं नाही. ते टेकाडाकडे बघत होते. गवतातली ती मान एकदा वर आली आणि खाली गेली.

फोटो त्यांच्या आधी चिटगुप्प्यात पोचला. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक वाढलं, विक्री मात्र वाढली नाही. तिसऱ्या ओट्यावरच्या म्हाताऱ्या बाई प्रसाद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, काहीतरी झालंय." चनमल्लप्पांनी प्रत्येकाला एकच सांगितलं, की सराव यशस्वी झाला. मास्तरांची अडचण मोठी होती. विजयाक्का जाणार हे त्यांना फोटो पाठवून झाल्यावर कळलं. त्यांनी घरात समुद्राचे सगळे धोके सांगून बघितले. भरती, वादळ, मगर. विजयाक्कांनी ऐकून घेतलं आणि पेटीत आणखी एक लुगडं घातलं.

जायच्या दिवशी हैदराबादच्या बससाठी चौघे स्टँडवर आले. सामान मास्तरांनी वर चढवलं. चनमल्लप्पा खिडकीखाली उभे राहिले. नेत्रावतीअक्का माहेरी दोन दिवसांसाठी गेल्या तरी गॅस, दूध, मोरीचा नळ, मागच्या दाराची कडी, गच्चीवरचे पापड इतकं सगळं खिडकीतून सांगत, आणि बस हलली तरी सांगत राहत. आज त्या काही बोलल्या नाहीत. चनमल्लप्पांनी वाट बघितली. मग आपणच विचारलं, "दूध कुणाचं घ्यायचं?"

"बघा की," अक्का म्हणाल्या, आणि विजयाक्कांना खिडकीजवळची जागा पाहिजे का ते विचारू लागल्या.

बस सुटली. धूळ बसेपर्यंत दोघे उभे राहिले. स्टँडवर दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं. चनमल्लप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. आयुष्यात प्रथमच ते आपण होऊन शेजाऱ्याकडे वळले.

"मास्तर," ते म्हणाले, "कुकरला शिट्ट्या किती द्यायच्या असतेत?"

मास्तरांनी तोंड उघडलं. मग बस गेली त्या वाटेकडे बघितलं.

"मला काय ठाव," ते शेवटी म्हणाले. "बसवेशला विचारून बघू."